पाणी जिथवर आलं नाही

दादा, तुला जाऊन आज एकवीस दिवस झाले. या एकवीस दिवसांत मी एका खुर्चीत सलग पंधरा मिनिटं बसलेले नाही. चहा करते, कप ओट्यावर ठेवून मागच्या अंगणात जाते, तिथून गराजमध्ये, तिथून पुन्हा स्वयंपाकघरात, तोवर चहा गार. काल इथल्या, ऑकलंडमधल्या, बॉटनीच्या टाउन सेंटरपर्यंत चालत गेले. काही घ्यायचं नव्हतं. दारापर्यंत गेले आणि परत फिरले. तुझी रोजची वाट होती ती. रस्त्याकडेच्या प्रत्येक गटाराच्या जाळीशी थांबून तू वाकून बघायचास आणि घरी येऊन सांगायचास, “उतार बरोबर दिलाय यांनी.” जणू कौन्सिलने तुलाच तपासायला नेमलं होतं.

हेमंत म्हणाला, “नीला, कामावर जायला लाग, बरं वाटेल.” तो फार बोलणारा नवरा नाही, तुला माहीत आहे, म्हणून मी ऐकलं. मागच्या सोमवारपासून हॉस्पिटलच्या फार्मसीत जाते आहे. लेबलं तपासते, डोस तपासते, सगळं दोनदा तपासते. आणि डोक्यात सारखं तुझ्याशी भांडण. तेच, स्पेनचं. वर्षभर आपण जे भांडलो ते तू गेल्यावर थांबेल असं मला वाटलं होतं. थांबलं तर नाहीच, उलट आता त्यात माझी बाजूच उरलेली नाही. माझ्या इराने मला जे सांगितलं त्यानंतर मी तुझ्याशी नेमकं कशावरून भांडत होते तेच मला कळेनासं झालंय. म्हणून लिहायला बसले. बसले म्हणजे, ओट्याशी उभी राहून लिहिते आहे.

वहिनी गेल्यावर तू पुण्याचं घर बंद करून माझ्याकडे आलास तेव्हा इरा पंधरा वर्षांची होती. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. तू तिच्याशी मराठीत बोलायचास, ती तुझ्याशी इंग्रजीत, आणि तुमचं दोघांचं माझ्यापेक्षा चांगलं जमायचं. तिला गाडी तू शिकवलीस. माझ्याबरोबर ती दोनदा रडून घरी आली होती. तुझ्याबरोबर पहिल्याच दिवशी पापाटोएटोच्या भारतीय दुकानांत जाऊन कोथिंबीर आणि सुकं खोबरं घेऊन आली. तुझे आभार मानायचे राहिले ते तेव्हापासूनचे.

तीच इरा युनिव्हर्सिटी संपवून स्पेनला गेली, एस्त्रेमादुरा नावाच्या भागात. एका डोंगराखालच्या गावात. शाळेत अकरा मुलं, त्यांना इंग्रजी शिकवायचं. मला वाटलं होतं बार्सिलोना, माद्रिद असं काहीतरी असेल. ती फोनवर म्हणाली, “आई, इथे हीप्स ऑफ गाढवं आहेत. यू विल लव्ह इट.” तू शेजारी बसला होतास. लगेच म्हणालास, “जाऊ या.” बहात्तराव्या वर्षी, गुडघा दुखत असताना, तीस तासांचा प्रवास. मी महिनाभर कारणं शोधत राहिले आणि तू तोवर त्या भागाचा नकाशा पाठ केलास.

मागच्या ऑक्टोबरमध्ये आपण गेलो. माद्रिदहून बसने निघालो आणि दोन तासांनी ओकच्या झाडांची ती माळरानं सुरू झाली. एकेक झाड सुटं, गोल, खाली त्याची तेवढीच सावली, आणि सावलीत काळी डुकरं गळलेली ओकची फळं खात फिरताहेत. न्यूझीलंडमध्ये इतकी वर्षं राहून मला हिरवं कुरण म्हणजे काय ते माहीत होतं. हे तसलं हिरवं नव्हतं. पिवळं, वाळलेलं, दगडांनी भरलेलं, आपल्याकडच्या दिवाळीनंतरच्या रानासारखं. तू काचेला नाक लावून बसला होतास. एकदाच म्हणालास, “नीले, बघ, दोन झाडांत अंतर किती राखलंय. ही झाडं आपोआप आलेली नाहीत. कुणीतरी शेकडो वर्षं नको ती काढत आलंय.”

इराच्या गावात रस्त्याच्या मधोमध दगडी पन्हाळ होती आणि तिच्यातून डोंगराचं पाणी वाहत होतं, घरोघर, चढावरून उतारावर. घरं दगडाची, वरचा मजला लाकूडमातीचा, पुढे आलेला, दोन्ही बाजूंचे सज्जे एकमेकांना टेकतील इतके जवळ. सज्ज्यांना लाल मिरच्यांच्या माळा. गावाबाहेर मिरच्या वाळवायची घरं होती. खाली ओकची लाकडं धुमसत ठेवायची आणि वर फळ्यांवर मिरच्या, दहा-पंधरा दिवस. सगळ्या खोऱ्यात तो धूर. तुला पहिल्या दिवशी ठसका लागला आणि दुसऱ्या दिवसापासून तू त्या धुरात उभा राहायला मुद्दाम जायला लागलास. अकराच्या सुमाराला पावाची गाडी यायची आणि चौकात हॉर्न द्यायची. सगळ्या म्हाताऱ्या पिशव्या घेऊन बाहेर. गावात दुकान नव्हतं, आपल्या कोपऱ्यावर आहे तशी दूध-पावाची डेअरीसुद्धा नाही. शंभर-सव्वाशे माणसं, त्यातली निम्मी सत्तरीपुढची.

त्या तीन आठवड्यांत तू जितका हललास तितका ऑकलंडमध्ये वर्षात हलला नसशील. सकाळी चेस्टनटच्या रानात, दुपारी ओढ्यावर. डोंगरातून येणारे ते ओढे ग्रॅनाइटच्या खडकांत मोठमोठे डोह करून थांबतात, पाणी इतकं स्वच्छ की तळाचा खडा मोजावा. इरा म्हणाली होती, “मामा, पोहायला टॉग्ज आणलेत का?” तू नाही म्हणालास आणि बनियन-चड्डीवर उडी मारलीस. ऑक्टोबरच्या शेवटी. बाहेर आलास तेव्हा ओठ निळे, दात वाजताहेत, आणि चेहऱ्यावर असा आनंद की मला तू सोळा वर्षांचा दिसलास, आपल्या विहिरीच्या काठावरचा. तरी दुसऱ्या दिवशी तू विचारलंसच, “पुढच्या गावाला कधी जायचं?” एका जागी तुला दोन दिवसांवर राहवत नसे. मी त्याची थट्टा करायचे. तू का पळतोस ते मला तिथेच कळलं, आणि तेही अर्धंच.

फेलिसा इराच्या शेजारी राहायची. ऐंशीची, बुटकी, काळा स्वेटर, पायात कापडी चपला. इराला ती रोज सूप द्यायची आणि ओरडायची की एवढीशी का खातेस. आपल्यालाही पहिल्याच दिवशी तिने घरात ओढून नेलं. भाषेचा प्रश्न तिला पडतच नव्हता. ती तिचं बोलायची, मोठ्याने, म्हणजे आपल्याला जास्त कळेल अशा समजुतीने, आणि इरा जमेल तसं इंग्रजीत सांगायची. नोव्हेंबरच्या पहिल्या दिवशी ती तिच्या मूळ गावी जाणार होती, कबरी साफ करायला. दर वर्षी जाते. तिला नेणारा पुतण्या आजारी पडला म्हणून इराने शाळेतल्या बाईंची गाडी मागून आणली आणि आपण तिघं फेलिसाला घेऊन निघालो.

वाटेत तिने सांगितलं की त्या गावात आता कोणी राहत नाही. धरणात गेलं. इराने सांगितलं आणि तू खिडकीबाहेर बघायला लागलास. मला तेव्हाच कळायला हवं होतं. तू तरुणपणी धरणांच्या कामावर इंजिनियर होतास, एवढं मला माहीत होतं. पहिली दोन वर्षं सह्याद्रीतल्या एका नदीवर सर्व्हेला होतास, बुडीत क्षेत्राची रेघ आखायला. मी तेव्हा शाळेत होते. तू सुट्टीत यायचास, काळा पडलेला, आणि दोन दिवसांत निघून जायचास.

आपण पोचलो आणि तू गाडीतून उतरून जागच्या जागी उभा राहिलास. गाव उभंच होतं. भिंती, कमानी, चर्च, चौक, सगळं. छपरं बरीचशी पडलेली, चौकटींत रानटी अंजिरं उगवलेली, पण गाव उभं होतं. तीन बाजूंनी खाली लांबवर धरणाचं पाणी, आणि पाण्याच्या कडेला तो पांढरट पट्टा, पाणी ओसरल्यावर राहतो तसा. फेलिसा एका उतरत्या वाटेने आपल्याला घेऊन गेली आणि गोल दगडी खळ्याशी थांबली. इथे मळणी व्हायची म्हणाली.

“आम्हाला सांगितलं होतं, पाणी चर्चच्या घंटेपर्यंत येणार,” इरा तिचं बोलणं हळूहळू सांगत होती. “मी पंधरा वर्षांची होते. माझ्या बापाने दार काढून बरोबर नेलं, बुडून कशाला जाऊ द्यायचं म्हणून. मग पाणी आलं. इथपर्यंत आलं, या खळ्यापर्यंत, आणि थांबलं. आम्ही एक वर्ष वाट बघितली. दहा वर्षं बघितली. ते पुढे कधी आलंच नाही.”

तू पाण्याकडे बघितलंस, मग वर चर्चकडे, मग पुन्हा पाण्याकडे. डोळ्यांनी मोजत होतास. आणि माझ्याकडे वळून, मराठीत, खालच्या आवाजात म्हणालास, “रेघ चुकलेली नाही. सगळ्यात मोठा पूर धरून रेघ आखतात. मी असतो तरी हे गाव आतच घेतलं असतं.”

“हे तिला सांग,” मी म्हणाले.

तू खळ्याच्या कडेकडेने चालायला लागलास.

कबरी धुऊन झाल्यावर ठिकठिकाणांहून आलेली गावची मंडळी चौकात जमली. असतील तीस-चाळीस जण, काही आपल्यासारखे नुसते आणून सोडणारे. चेस्टनट भाजायला चौकात शेकोटी केली होती. एका म्हाताऱ्याने घरांची नावं घ्यायला सुरुवात केली. एकेक घर, रस्त्याच्या क्रमाने. नाव घेतलं की त्या घरातलं कोणीतरी ‘आहे’ म्हणायचं. काही घरांना कोणीच म्हणालं नाही. तो तेवढ्यापुरता थांबायचा आणि पुढचं नाव घ्यायचा. तू माझ्या मागे उभा होतास. मी वळून बघितलं तर तू शेकोटीपासून दूर, भिंतीला पाठ लावून, हात खिशात.

नंतर आपण भाजलेले चेस्टनट सोलत बसलो तेव्हा फेलिसाने इराला विचारलं, “तुझा मामा काय काम करायचा?”

इरा तुझ्याकडे बघायला लागली. तिला माहीत होतं. अकरावीत असताना शाळेच्या प्रोजेक्टसाठी तिने तुला नकाशावर उंचीच्या रेघा, कंटूर, कसे काढतात ते विचारलं होतं आणि तू तीन रविवार खर्ची घातले होतेस.

“सांग, शाळेत गणित शिकवायचो,” तू म्हणालास.

इराने माझ्याकडे बघितलं. मी गप्प राहिले, दादा. हे मी गेलं वर्षभर सोयीस्कर विसरले होते. मीही गप्पच राहिले होते. इराने तसं सांगितलं, आणि फेलिसाचा चेहरा एकदम उजळला. “मायेस्त्रो,” ती म्हणाली. गुरुजी. तिच्या गावात शाळेचा मास्तर सगळ्यांत शेवटी निघाला होता म्हणे, पोरांचं वर्ष बुडू नये म्हणून. तिने तुला सावलीतली जागा दिली, सोललेले चेस्टनट दिले, आणि त्या दिवसापासून दिसलास की मायेस्त्रो. पावाच्या गाडीपाशी मायेस्त्रो, ओढ्यावर मायेस्त्रो. तू दर वेळी मान लववायचास. आणि दर वेळी माझ्या अंगावर काटा यायचा.

त्या संध्याकाळी इरा गाडी परत द्यायला गेली आणि आपण पन्हाळीच्या कडेच्या दगडावर बसलो. मी म्हणाले, “दादा, तू तिला खरं सांगायला हवं होतंस.”

“कशासाठी? तिला काय मिळेल त्यातून?”

“तुला मिळेल.”

“म्हणजे मला बरं वाटावं म्हणून मी तिला त्रास द्यायचा. ऐंशी वर्षांच्या बाईला. चांगला न्याय आहे तुझा.”

“खोटं बोलून तिच्या हातचे चेस्टनट खाल्लेस, तो न्याय?”

तू उठलास आणि चालायला लागलास. उतारावर, गावाबाहेर, त्या धुराच्या दिशेने. तुझं नेहमीचं.

ऑकलंडला आल्यावर मी ते सोडलं नाही. का सोडलं नाही, ते मलाही आता विचित्र वाटतं. भांडी लावताना, पापाटोएटोला गाडीतून जाताना, कधी टीव्हीवर धरणाचं काही दिसलं तर. तू एकदा म्हणालास, “तुला माझं नोकरीतलं काय खुपतंय ते सांग ना एकदा. त्याच धरणाच्या पाण्यावर आपल्या मामाचा ऊस उभा होता आणि तू दिवाळीला गुऱ्हाळात बसून रस पीत होतीस.” हे खरं होतं. म्हणून मी आवाज चढवला. तू कधीच चढवला नाहीस. तू नुसतं ऐकायचास, जराशी मान वाकडी करून. मी तो निगरगट्टपणा समजत होते.

तो शनिवार. सकाळी साडेनऊ. बाहेर कोवायचं झाड फुललेलं आणि वारा सुटलेला. इराचा फोन येऊन गेला होता आणि तिने फेलिसाचा निरोप सांगितला होता की या वर्षीही या. फोन ठेवला आणि मी म्हणाले, “आता तरी जाऊन सांगशील का तिला?”

तू म्हणालास, “नीले, हे राहू दे ना आता.”

मी म्हणाले, “तू भित्रा आहेस, दादा. कायमचा भित्रा आहेस.”

तू जँडल्स पायात सरकवल्यास. दार उघडताना म्हणालास, “दूध संपलंय ना? आणतो.” डेअरीच्या अलीकडे, बसच्या थांब्यापाशी, तू खाली बसलास म्हणे. डेअरीच्या बाईंनी बघितलं, त्यांनीच अँब्युलन्स बोलावली, आणि अँब्युलन्स येईतो तुझं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. मेंदूत रक्तस्राव. दोन दिवस तू होतास, पण मला ओळखलं नाहीस. मी तुझ्याशी बोलत होते. काय बोलत होते ते सांगत नाही. भांडत नव्हते एवढंच सांगते.

इरा आली. सगळं झाल्यावर तिसऱ्या दिवशी आम्ही दोघी पापाटोएटोला निघालो होतो, नैवेद्याचं सामान आणायला. ती गाडी चालवत होती. तू शिकवलं तशी, दोन्ही हात चाकावर. मी म्हणाले की शेवटचं बोलणं असं झालं, मी त्याला भित्रा म्हणाले. ती तशीच चालवत राहिली. अर्ध्या वाटेत तिने गाडी कडेला घेतली आणि थांबवली.

“आई, ही टोल्ड हर.”

मला कळलं नाही.

“मामाने फेलिसाला सांगितलं. निघायच्या दिवशी सकाळी. मी ट्रान्सलेट केलं.”

पावाच्या गाडीचं निमित्त करून तू तिला घेऊन गेला होतास. मी बॅगा भरत होते. फेलिसा दारात खुर्ची टाकून बसली होती. तू उभा राहिलास, खुर्ची दिली ती घेतली नाहीस, आणि इराला म्हणालास, हळूहळू सांग, एक शब्द गाळू नकोस. मी शिक्षक नव्हतो. मी धरणासाठी मापाची पट्टी घेऊन गावात येणारा माणूस होतो.

आणि मग तू तिला ते सांगितलंस जे मला चाळीस-पन्नास वर्षांत सांगितलं नाहीस. रेघ आखताना तुला सह्याद्रीतल्या एका डोंगरगावात एका बाईने पाणी दिलं होतं. तिच्या घरामागे उंबर होता. तिने विचारलं, “साहेब, माझा उंबर रेघेच्या आत की बाहेर?” तुझ्या वहीत तो आत होता. सगळं घर आत होतं. दिवस मावळायला आला होता, तुला खाली कँपवर पोचायचं होतं, ती रडायला लागली तर उशीर होईल असं वाटलं. तू म्हणालास, “बाहेर.” त्या उन्हाळ्यात तिने घराला एक खोली वाढवली. दुसऱ्या वर्षी तू खुणेचे दगड रोवायला गेलास तेव्हा ती खोली नवी शेणाने सारवलेली होती आणि ती बाई तुला बघून आत पाणी आणायला गेली.

इरा म्हणाली, फेलिसाने सगळं ऐकून घेतलं. मग तिने विचारलं, “गावाचं नाव काय?” तू सांगितलंस. तिने पुन्हा विचारलं, पुन्हा सांगितलंस. “आणि त्या बाईचं?” तू म्हणालास, माहीत नाही, विचारलं नव्हतं. “आमच्याकडे आला होता तो माणूस चार दिवस आमच्या घरी जेवला,” ती म्हणाली, “त्यानेही माझ्या आईचं नाव विचारलं नाही.” एवढं बोलून ती उठून आत गेली. तू तिथेच उभा. इराला वाटलं संपलं, ती तुझा हात धरून ओढायला लागली, तर तू म्हणालास, “थांब, कदाचित ती परत येईल.” दहा मिनिटांनी ती आली. हातात चेस्टनटची पिशवी. ती तुला दिली आणि दार लावून घेतलं. माफ केलं म्हणाली नाही. इराने विचारलं तेव्हा तू म्हणालास की माफीसाठी गेलोच नव्हतो.

मला आता आठवतंय. बसपाशी सोडायला फेलिसा आली होती, सगळ्यांत मागे उभी होती, आणि तुला तिने मायेस्त्रो म्हटलं नाही. नावाने हाक मारली, ‘शराद’ म्हणाली. मला वाटलं, म्हातारी आहे, विसरली.

“मग मला का नाही सांगितलं?” मी इराला विचारलं.

“ही मेड मी प्रॉमिस.” ती रडत होती. “मी विचारलं, आईला का नाही सांगायचं? ती तुला रोज बोलते. तर मामा म्हणाला, तिला बोलू दे. कोणीतरी बोलायला हवं होतं मला. इतकी वर्षं कोणीच बोललं नाही.”

दादा, यावर मी काय करू? तुला शिक्षा हवी होती आणि तू मला ती द्यायला लावलीस. मला न विचारता. मी वर्षभर तुझी बहीण होते की तुझ्या कामाचं हत्यार? मला राग येतो. मग आठवतं, दूध आणायला गेलास त्या दिवशीही तू एका वाक्यात मला गप्प करू शकला असतास, आणि केलं नाहीस. मग राग कुठे ठेवायचा कळत नाही आणि मी उठून अंगणात जाते.

इरा परत गेली. गेल्या रविवारी तिचा फोन आला, तिथे सकाळ, इथे संध्याकाळ. ती फेलिसाच्या घरातूनच बोलत होती. फेलिसाला तू गेल्याचं सांगितलं होतं. पहिल्या नोव्हेंबरला ती गावी जाणार, घरांची नावं घेतली जाणार. “तिला मामाच्या त्या गावाचं नाव हवंय,” इरा म्हणाली. “आमची घरं झाली की ते घेईन म्हणते. मी म्हटलं, मामाचं नाव घे ना. तर म्हणाली, त्याचं नाव घ्यायला तुम्ही आहात. त्या गावाचं कोण घेणार? पण तिला आता नाव आठवत नाही, आणि मलाही नाही. समथिंग दरा. आई, तुला माहीत असेलच.”

मला माहीत नव्हतं. वर्षभर मी तुला खरं बोल, खरं बोल म्हणून धारेवर धरलं, आणि ते गाव कुठलं, एवढं एकदाही विचारलं नाही. फेलिसाने पहिला प्रश्न तो विचारला होता.

तुझ्याबरोबर त्या कामावर असलेले देशमुख नाशिकला असतात, तू गेल्याचं कळवायला हेमंतने त्यांना फोन केला होता. मी दुसऱ्या दिवशी त्यांना फोन लावला. “ताई, पाच गावं गेली त्यात,” ते म्हणाले. “कुठलं सांगू?” मी दरा म्हणाले, उंबर म्हणाले. ते पुटपुटत एकेक गाव आठवायला लागले. मग म्हणाले, “करंजदरा. खुणेचे दगड रोवून आला आणि शरद आठ दिवस तंबूबाहेर पडला नाही. आम्हाला वाटलं ताप आहे.” त्या लोकांना पन्नास किलोमीटर खाली माळावर वसवलं, तिथेही पाटीवर तेच नाव लावलंय, म्हणाले. रस्ता सांगितला.

मी इराला फोन केला. तिथे सकाळचे आठ. तिने फेलिसाला हाक मारली आणि फोन स्पीकरवर ठेवला. मी म्हणाले, “करंजदरा.” इराने म्हणून दाखवलं, र तोंडातच विरघळवत, इथल्या मुलांसारखा. मी पुन्हा म्हणाले. तेवढ्यात मागून फेलिसाने म्हटलं. तिचा र खणखणीत होता, अगदी आपला. तिने ते चार-पाच वेळा म्हटलं, ज जरा अडखळला. मग इराला काहीतरी विचारलं. इरा म्हणाली, “आई, ती विचारतेय, त्या बाईचं नाव मिळालं का?”

मी जानेवारीचं तिकीट काढलंय, दादा. नाशिकला उतरेन, देशमुख त्यांच्या जावयाची गाडी देतो म्हणाले आहेत. हेमंत म्हणाला, “आता तिथे कोण असणार? ती बाई तर नक्कीच नसेल.” नसेल. तिची सून असेल, नात असेल. कोणाला तरी त्या खोलीची गोष्ट माहीत असेल, उंबराची असेल. मला हाकलूनही देतील कदाचित. मी तिथे जाऊन पहिलं नाव विचारणार आहे, बाकीचं काय बोलायचं ते ती माणसं ठरवतील.